भूकंपाआधीची आवराआवर

भूकंपाच्या तयारीसाठी चाळीतून एक संयोजक निवडायचा होता, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"नानांच्या घरात पुस्तकं आहेत," दौलत म्हणाला. तो आमच्या चाळ कमिटीचा सेक्रेटरी. "भूकंपाचं पण असेलच एखादं."

नव्हतं. गिरगावातल्या एका छापखान्यात मी आयुष्यभर प्रुफं तपासली. त्यामुळे जगातल्या बहुतेक विषयांवरचं थोडंथोडं वाचून झालं आहे, आणि त्यातल्या कशावरही चारचौघांत बोलायला सांगितलं तर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. हे मी सांगणारच होतो, पण तोवर टाळ्या वाजल्या होत्या.

लालबागची आमची आत्माराम बिल्डिंग म्हणजे तळमजला आणि वर तीन मजले. विटांच्या भिंती, लाकडी तुळया, पुढे गॅलरी आणि मध्ये अंगण. पहिल्या मजल्यावर जिन्यालगतच्या खोलीत मी एकटा राहतो. माझ्या बरोबर खाली आनंदीबाई, त्याही एकट्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, ते गेले. मुलगी वडाळ्याला असते. गेली कित्येक वर्षं त्यांचं छत ती माझी जमीन, एवढाच आमचा संबंध.

सभा अंगणात भरली होती. जुन्या इमारतींतल्या लोकांना भूकंपासाठी तयार करणाऱ्या एका संस्थेकडून नूपुर नावाची इंजिनियर आली होती. तिशीची असेल. आवाज शांत, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. मला अशा आवाजांचा नेहमी हेवा वाटतो.

"भूकंप माणसं मारत नाही," ती म्हणाली. "पडणारी घरं आणि घरातल्या वस्तू मारतात."

कीर्तनात डोलावतात तशा सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तिने एकेक सांगायला सुरुवात केली. कपाटं भिंतीला पट्टीने बांधा. झोपायच्या जागेच्या वर जड काही ठेवू नका. वरच्या मजल्यांवरचं वजन कमी करा. हादरे बसायला लागले की पळू नका, टेबलाखाली शिरा, डोकं झाका.

"टेबल नाही," शैला म्हणाली. ती माझ्या शेजारच्या खोलीत राहते आणि मसाल्याचा धंदा करते. "पलंगाखाली चालेल?"

"चालेल. पलंगाखाली काय आहे?"

"सगळं," शैला म्हणाली.

नूपुर हसली नाही, तिने लिहून घेतलं. आठ दिवसांनी परत येऊन ती प्रत्येक खोली तपासणार होती आणि दारावर चिठ्ठी लावणार होती. हिरवी, पिवळी किंवा लाल. "लाल म्हणजे घाबरायचं नाही. लाल म्हणजे दुरुस्ती आधी तिथे. काका, तुम्ही हे सगळ्यांना समजावून सांगाल ना?"

काका म्हणजे मी. मी हो म्हणालो.

जाण्याआधी वानगीदाखल म्हणून तिने माझ्याबरोबर आनंदीबाईंची खोली पाहिली. हातात मावेल असं मोजायचं यंत्र होतं, त्याचा लाल ठिपका छतावर पडायचा आणि उंचीचा आकडा यायचा. तो तिने टिपून घेतला.

"माझ्या छताला गंध लावती का काय ही?" आनंदीबाईंनी मला विचारलं.

पुढचे दोन दिवस मी दारोदार फिरून चिठ्ठ्यांचा अर्थ सांगितला. नीट सांगितला असं मला वाटतं, पण हळू आवाजात सांगितला असणार. कारण तिसऱ्या दिवशी चाळीचं पक्कं ठरलं होतं की लाल म्हणजे खोली सोडून ट्रान्झिट कॅम्प.

"नाना, तुम्ही भोळे," दौलत जिन्यात म्हणाला. "चाळीत मोजपट्टी घेऊन कोण येतं? बिल्डर."

"ती इंजिनियर आहे."

"मग बिल्डरकडे काय कीर्तनकार असतात?"

याचं उत्तर मला घरी आल्यावर सुचलं, पण ते लांब होतं आणि तोवर दौलत कामावर गेला होता.

खरं तर चाळीने नूपुरचं म्हणणं मनावर घेतलं होतं, हे मला तपासणीच्या दिवशी सकाळी कळलं. वरच्या मजल्यांवर वजन नको, असं ती म्हणाली होती. तर वजन दिसता कामा नये, एवढाच त्याचा अर्थ लोकांनी काढला. पाहुणे येणार म्हटल्यावर चाळीत नेहमी हेच होतं. पसारा टाकून कोणी देत नाही. तो तासाभरासाठी शेजारी जातो आणि पाहुणे गेले की परत येतो.

पहिली शैला आली. "नाना, उठलात ना? हा खलबत्ता जरा ठेवते. मॅडम गेल्या की नेते."

खलबत्ता लोखंडी, तिच्या सासूच्या वेळचा. तिने आणि तिच्या नवऱ्याने तो दोन्ही बाजूंनी धरून आणला होता. मागोमाग हळकुंडांची आणि धण्यांची पोती आली. मी दारातून बाजूला झालो, ते तिने होकार धरलं. बाजूला झालो नसतो तर पोतं माझ्या पायावर आलं असतं.

मग वरच्या मजल्यावरचा अमित आला. त्याचा व्यायाम चाळीत प्रसिद्ध आहे. "नाना, फक्त प्लेटा आहेत," म्हणत त्याने लोखंडी चकत्यांची चळत पुस्तकांना टेकवून ठेवली आणि सळी आणायला गेला. दौलत इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या घेऊन आला, आणि त्याच्या मागून चौघांच्या हातांत त्याचं कपाट.

"दौलत, माझीही खोली तपासणार आहेत ना," मी म्हणालो.

"तुमची? तुम्ही संयोजक. परीक्षक स्वतःचा पेपर तपासतो का कधी?"

"पण परीक्षक मी नाही."

"तेच तर. तुमच्यावर कोण संशय घेणार? आणि तुमच्याकडे आधीच एवढी रद्दी... म्हणजे ग्रंथ. त्यात आमचं काय दिसणार?"

ज्यांना मी फक्त तोंडओळखीने ओळखतो असे तिसऱ्या मजल्यावरचे लोकही उतरले. त्यांनी आणखी दोन कपाटं आणली आणि पाण्याचं एक पिंप. भरलेलं.

"रिकामं करून आणलं असतं तर," मी म्हटलं.

"पाणी उद्या सकाळी येणार नाना. ओतून देऊ का काय?"

हेही खरं होतं. माझी अडचण ही आहे की समोरचा बोलतो ते मला नेहमीच थोडंसं खरं वाटतं.

शेवटी जमीन उरली नाही तेव्हा मी पाय वर घेऊन कॉटवर बसलो. दार कपाटाला अडून वीतभरच उघडत होतं. त्या कपाटाच्या आरशात मला मी दिसत होतो, मांडीवर शैलाचा वरवंटा घेऊन बसलेला. खालून कर्र असा एक लांब आवाज आला. मला वाटलं, माझंच काहीतरी वाजलं असेल.

नूपुरने तपासणी तळमजल्यापासून सुरू केली. आनंदीबाईंच्या खोलीतलं बोलणं मला जमिनीतून ऐकू येत होतं.

"आजी, गादीवर ही माती कसली?"

"सकाळपास्नं पडतीय. वर नाना नाचतोय का काय, कोणास ठाऊक."

मग मोजायच्या यंत्राची पिप ऐकू आली. मग नूपुरचा आवाज, नेहमीपेक्षा हळू. "आठ दिवसांत छत दोन बोटं खाली आलंय. आजी, बाहेर चला. आत्ता. चहा राहू द्या."

जिन्यावर पावलं वाजली. दारावर थाप पडली.

"काका, खोलीबाहेर या. भिंतीच्या कडेकडेने या."

"येता येत नाही," मी म्हणालो.

मग अमितने फटीतून हात घालून कपाट रेटलं आणि मी वरवंट्यासकट बाहेर आलो. नूपुर उंबऱ्यावरच थांबली. आत पाऊल न टाकता तिने सगळी खोली पाहिली. मग तिने खिशातून एक काचेची गोटी काढून जमिनीवर सोडली. गोटी पोत्याला वळसा घालून, बॅटऱ्यांच्या मधून, खोलीच्या मधोमध जाऊन थांबली.

"काका, तुम्ही एकटे राहता ना?"

"हो."

"हा खलबत्ता?"

"मसाला," मी म्हणालो.

"आणि या प्लेटा?"

"व्यायाम."

गॅलरीत कोणीतरी खोकलं. अमितने माझ्या दंडांकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे.

"हे सगळं तुमचं आहे?"

तिच्या मागे दौलत उभा होता. त्याने छातीशी हात जोडले होते. शैला डोळ्यांनी काहीतरी विनवत होती. मला वाटलं, एका शब्दाने चाळीला हिरव्या चिठ्ठ्या मिळत असतील तर माझ्या दारावर एक लाल लागली म्हणून काय बिघडलं. "हो," मी म्हणालो.

"बरं," नूपुर म्हणाली. "मग हे वजन इथलं कायमचं आहे असं धरून मला निर्णय घ्यावा लागेल. तुळई बदलेपर्यंत खालच्या खोलीत कोणी राहायचं नाही. आजींना आज जागा सोडावी लागेल."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. लाल चिठ्ठी माझ्या दारावर लागेल, तुळई मात्र आनंदीबाईंच्या डोक्यावर होती.

आम्ही सगळे खाली आलो. आनंदीबाई खोलीबाहेर पडल्या होत्या, पण उंबऱ्यापासून हातभरच. तिथे पाट टाकून बसल्या होत्या.

"मावशी, टेम्पररी आहे," दौलत म्हणाला. "चार-आठ दिवस. वडाळ्याला लेकीकडे जाऊन या. नातवंडांना पण बरं वाटेल."

"किती दिवस?"

"चार-आठ."

"म्हंजे किती?"

दौलतने नूपुरकडे पाहिलं. नूपुर खोटं बोलत नाही, हे मला एव्हाना कळलं होतं. "सांगता येत नाही आजी. तीन महिने, चार महिने. परवानग्या लागतात."

आनंदीबाईंनी मान हलवली, बरोबर उत्तर आल्यासारखी. "मी पाटणकडची. कोयनेचा भूकंप झाला तवा परकरात होते. घर पडलं. दोन म्हैने पत्र्याच्या शेडात ऱ्हावा म्हणाले. त्या शेडातनंच माझं लगीन लागलं." त्या दौलतकडे वळल्या. "भाड्याची पावती अजून ह्यांच्या नावावर हाय. मी एकदा कुलूप लावून गेले, तर ते मला उघडून कोण देणार? तू?"

दौलतने पायाने फरशीवरचा एक खडा बाजूला केला. चाळीत कुलपं कशी लागतात आणि कशी उघडत नाहीत, हे कमिटीच्या सेक्रेटरीला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"भूकंपानं मला एकदा भाईर काढलं," आनंदीबाई म्हणाल्या. "आता त्याच्या तयारीनं काढा."

"ते माझं नाही," मी म्हणालो.

"काय काका?" नूपुरने विचारलं.

"सामान. माझं नाही."

तिला पुन्हा ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा माझा आवाज अंदाजापेक्षा मोठा निघाला आणि अंगणातली कबुतरं उडाली. "वरचं सामान माझं नाही. पुस्तकं फक्त माझी."

सगळे माझ्याकडे पाहत होते. या वेळी मी मागे वळून पाहिलं नाही, पण पाहावंसं वाटलं.

"मग कोणाचं आहे?"

शैला हळदीने पिवळी झालेली नखं पाहत होती. दौलत म्हणाला, "आता चाळ म्हटली की मॅडम, कोण कुठे काय ठेवतं..."

नावं सांगण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. जेवढं होतं ते खर्च झालं होतं. पण नूपुरने मला विचारलंच नाही. "छान," ती म्हणाली. "मालकच नाही तर प्रश्न मिटला. भंगारवाल्याला बोलवा. जे आहे ते त्याला देऊन टाकू."

"खलबत्त्याला हात लावायचा नाही," शैला म्हणाली. "सासूचा आहे तो."

एक मालक सापडल्यावर बाकीचे सापडायला वेळ लागला नाही. अमितला प्लेटा आठवल्या. दौलत म्हणाला, बॅटऱ्या त्याच्या बॅटऱ्यांसारख्याच दिसतायत खऱ्या. पिंपावर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांनी हक्क सांगितला आणि त्यावरून थोडी बोलाचाली झाली.

सामान उतरवायला दुपार झाली. खोलीत एका वेळी दोनच माणसं, तीही भिंतीच्या कडेने, असा नूपुरचा हुकूम होता. आणि उतरलेलं काहीही पुन्हा वर न्यायचं नाही, जोवर ती प्रत्येक मजल्याचा हिशेब करत नाही. म्हणून सगळं अंगणात राहिलं. भूकंप झाला तर माणसांनी जिथे जमायचं होतं, तिथे कपाटं जमली होती. एकमेकांकडे तोंड करून, सभा भरल्यासारखी.

मग तिने आनंदीबाईंच्या छतावर पुन्हा तो लाल ठिपका टाकला. छत दोनपैकी एक बोट वर गेलं होतं. उरलेलं गेलं नाही. शिडी लावून तिने तुळईच्या टोकाशी स्क्रू-ड्रायव्हर खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला.

"भिंतीतलं टोक कुजलंय. गळतीमुळे. हे बरंच जुनं आहे."

"म्हणजे आमची चूक नाही," दौलत म्हणाला.

"नाही ना. तुम्ही फक्त ते लवकर दाखवून दिलंत." ती चेष्टा करत होती की आभार मानत होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

जागा सोडायची गरज उरली नाही. खोलीच्या मधोमध लोखंडी टेकू लावायचा, वरची खोली हलकी ठेवायची आणि तुळई आधी बदलून घ्यायची, असं ठरलं. आनंदीबाईंच्या दारावर आणि माझ्या दारावर लाल चिठ्ठी लागली. लाल खोल्यांची दुरुस्ती संस्था स्वतः करून देते, असं नूपुर सहज बोलून गेली. त्यानंतर दौलत तिच्या मागेमागे फाटकापर्यंत गेला.

"मॅडम, माझ्याकडे पण वजन कमी नाही बरं का," तो म्हणत होता. "बॅटऱ्याच दोन आहेत. वाटल्यास अजून एक घेतो."

वरची खोली हलकी ठेवायची, याचा अर्थ मला लगेच कळला होता. मी फक्त कळलं नाही असं दाखवत होतो. नूपुर परत माझ्या खोलीशी आली आणि चारी भिंतींकडे पाहत उभी राहिली. जमिनीपासून आढ्यापर्यंत पुस्तकं होती.

"काका, तुम्हाला सांगायला मलाच वाईट वाटतंय. निम्मी तरी काढावी लागतील."

"नाही, नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे."

"रद्दीवाला आहे माझ्या ओळखीचा," शैला म्हणाली. सकाळच्या प्रकाराने तिला अवघडल्यासारखं झालं होतं आणि भरपाई करायची होती. "जाड जाड आहेत ती मीच घेते नाना, पुड्यांना बरी. बाहेरच्यापेक्षा जास्त भाव देते."

ती मनापासून बोलत होती. कोणती अर्धी ठेवायची ते मी मनात ठरवू लागलो. दर वेळी वेगळी अर्धी यायची.

आनंदीबाई जिना चढून आल्या होत्या. इतक्या वर्षांत त्या माझ्या दाराशी पहिल्यांदा आल्या. त्यांनी आत पाहिलं. "एवढं माझ्या डोक्यावर होतं व्हय?"

"हो," मी म्हणालो. "म्हणजे, मला कल्पना नव्हती. असायला हवी होती."

"खाली आणा. खाली जमीन हाय. जमिनीला कसलं वजन?"

मी नूपुरकडे पाहिलं. तिने विचार केला आणि मान डोलावली. तळमजल्यावर चालेल, म्हणाली. भिंतीलगत, गुडघ्याएवढी उंच, त्याहून एक पुस्तकही जास्त नाही, आणि वरून पट्टी.

दोन दिवस अमित आणि त्याचे मित्र पुस्तकं उतरवत होते. खाली आनंदीबाईंनी त्यांची भिंतीला लांबलचक रांग लावून घेतली, विषय वगैरे न पाहता, आकाराने. वर गोधडी अंथरली. आता आलं-गेलं माणूस तिथेच बसतं. मध्ये टेकू आहे, त्याला त्यांनी बाजाराची पिशवी अडकवली आहे. मला वाचायला काही हवं असलं की मी दाराशी जाऊन खाकरतो.

"कुठलं पायजे?"

"ते, निळ्या पाठीचं. तुम्ही बसलाय त्याच्या खाली आहे."

"मग आत्ता कसं मिळंल? आत्ता मी बसलेय."

गेल्या रविवारी चाळीचा सराव झाला. शिट्टी वाजली की सगळ्यांनी टेबल-पलंगाखाली शिरायचं, दुसरी वाजली की अंगणात यायचं आणि संयोजकाने झेंडा घेऊन तिथे आधीच उभं राहायचं. कपाटं एव्हाना तळमजल्याच्या भिंतींना बांधून झाली होती. पहिली शिट्टी वाजली तेव्हा मी आनंदीबाईंच्या दाराशी होतो. त्या मुळीच येणार नाहीत, अशी दौलतची पैज होती.

दुसऱ्या शिट्टीला त्या उठल्या. पदर खोचला, चपला घातल्या.

"येताय?" मी विचारलं.

"परत याचंच हाय की. मग जायाला काय?" कुलूप खिळ्याला लटकत होतं, त्याला त्यांनी हात लावला नाही. दार सताड उघडं टाकून त्या अंगणाकडे निघाल्या.

गोधडी रिकामी झाली होती. मी आत वळलो, गोधडी बाजूला केली, निळ्या पाठीचं पुस्तक शोधलं. ते तिसऱ्या थरात होतं. त्यामुळे अंगणात मी सगळ्यांत शेवटी पोचलो, हातात झेंडा नाही, पुस्तक.

नूपुरने घड्याळ बंद केलं. "काका, भूकंपात पुस्तकासाठी थांबायचं नसतं."

"त्यांना आज बोलू नका," आनंदीबाई म्हणाल्या. "मी एरवी उठतच न्हाई तिथनं."